तेहतिसावा मैल

आमच्या मोरीचं पाणी सरकारच्या कामाला येत होतं, ही गोष्ट मला कळली तेव्हा माझ्या बापाला मूर्तिजापूरच्या चौकीत बसवून एक दिवस उलटून गेला होता. आणि त्याला तिथं बसवलं होतं माझ्याच गणितानं. आता हे लिहायला हरकत नाही. बाबा गेले, माय गेली, तो साहेब आपल्या देशी परतला आणि तिथंच कुठंतरी मातीत गेला असेल. उरलो मी एकटा, म्हणजे ज्याची चूक तोच. घरात मी हे कुणाला धडपणे सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की बायको म्हणायची, आता त्याचं काय? तिचंही खरंच होतं. पण कागदावर आल्याशिवाय ते मनातून जाईल असं दिसत नाही.

उमरावतीच्या तारघरात मी तारबाबू होतो. वय अठरा-एकोणीस. इंग्रजी चार बुकं झाली होती, हात चपळ होता आणि गणितात कुणाला हार जात नव्हतो, एवढ्या भांडवलावर मला ती खुर्ची मिळाली. पुढच्या खोलीत यंत्र, मागच्या खोलीत आमचा संसार, आणि त्याच्याही मागे छपराखाली मायची चूल. दिवसभर पुढं यंत्राची टकटक आणि मागं भाकरी थापल्याचा आवाज. माय म्हणायची, "तू तिकडे ठोकतं, मी इकडे ठोकतो, पोट मात्र माह्याच ठोकण्यानं भरते." बायांनीही पुरुषासारखं 'मी करतो' म्हणायची आमच्याकडची जुनी रीत, पुणेकर हसतात, हसू दे. खाणं साधंच. ज्वारीची भाकर, चून म्हणजे पिठलं, उन्हाळ्यात कैरीचं पन्हं, आणि आठवड्यातून दोनदा धोप्याची भाजी. पुण्याकडे ज्याला अळू म्हणतात तो आमचा धोपा. मोरीचं सांडपाणी जिथं बाहेर पडायचं तिथं मायनं तो लावला होता, आणि त्याची पानं सुपाएवढी होत.

दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापलीकडे कुठंशी लढाई चालली होती, म्हणून विलायतेच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडच्या कापसावर तुटून पडल्या होत्या. लढाईशी आमचा संबंध एवढाच. पहाटेपासून कापसाच्या गाड्यांची रांग, सरकी काढायच्या रेच्यांची घरघर, आणि हवेत सदा उडणारा कापूस. तो पन्ह्यात पडे, मायच्या पिठात पडे, माझ्या यंत्रात शिरे. मुंबईचा भाव अकोल्याला येई आणि तिथून तारेनं माझ्याकडे. तो भाव ज्याला घटकाभर आधी कळला तो तरला, ज्याला नंतर कळला तो बुडाला. त्यामुळे माझ्या दारात अडते माशांसारखे घोंगावत असत. तारेवर कुणी हात फिरवला तर त्यात कुणाचं तरी भलं होणार, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं.

रोज सकाळी लाइन मोजायची हा माझा पहिला उद्योग. माझा नातू नागपूरच्या कॉलेजात हेच शिकतो आणि व्होल्ट, अँपिअर, ओहम असली नावं तोंडावर फेकतो. आमच्या वेळी ही नावं आमच्यापर्यंत पोचली नव्हती, पण गोष्ट तीच. मातीच्या आणि काचेच्या पेल्यांत तांबं, जस्त आणि मोरचूद घालून वीज तयार करायची. जितके पेले तितका जोर. काट्यावरून प्रवाह वाचायचा. जोराला प्रवाहानं भागलं की वाटेत अडथळा किती ते निघतं, आणि तो अडथळा आम्ही तारेच्या मैलांत धरत होतो. एक पेला एक मैल तारेतून जेवढा प्रवाह ढकलील तो 'एक'. म्हणजे चोवीस पेले लावले आणि काट्यानं अर्धा दाखवला, तर अडथळा अठ्ठेचाळीस मैलांचा. त्यातून सात वजा करायचे. सहा पेल्यांच्या स्वतःच्या अडथळ्याचे, आणि एक जमिनीचा. कारण वीज जाते तारेनं, पण परत येते जमिनीतून. तिला वर यायला वाट म्हणून तारघरामागे पुरुषभर खोल तांब्याचा पत्रा पुरला होता. हे सहा आणि एक कुणीतरी ऐन पावसाळ्यात मोजून पुठ्ठ्यावर लिहिले होते, आणि तो पुठ्ठा माझ्या डोक्यावर भिंतीला टांगला होता. मला तो पाढ्यासारखा पाठ होता. ज्या गोष्टी पाठ असतात त्यांच्याकडे माणूस परत बघत नाही.

दुसरं गणित गुणाकाराचं. जोर गुणिले प्रवाह. नातू म्हणतो त्याला वॅट म्हणतात, आजोबा. म्हणोत बापडे. मला त्यातून पेल्यांवर किती भार पडतो आणि जस्त किती झपाट्यानं झिजेल याचा अंदाज येई. त्या चैत्रात हा गुणाकार दोन आठवडे रोज थोडा थोडा कमी येत होता. जस्त कमी झिजत होतं, मोरचूद पुरून उरत होतं, आणि मी खुशीत होतो की बघा, माझ्या हाताखाली सरकारची कशी बचत होते. जोर तोच असताना प्रवाह कमी झाला तर अडथळा वाढलाच पाहिजे, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मला कळलं नाही. शहाण्याला कौतुकाची झापड लवकर येते.

आता बाबांविषयी. बाबा लाइनीवर रखवालदार होते. उमरावतीपासून मोजलं तर एकोणतीस ते सदतीस मैल हा मूर्तिजापूरचा तुकडा त्यांचा. खांद्यावर शिडी, कमरेला पक्कड, आणि रोज पायी फेरी. अक्षरओळख नव्हती, पण खांबाला कान लावून वारा कुठून येतो ते सांगत. महिन्यातून एकदा घरी येत. त्या चैत्रात आले ते डोक्याला नवा कोरा गुलाबी फेटा बांधून. मी म्हटलं, "बाबा, फेटा झकास हाये." ते म्हणाले, "त्या मूर्तिजापूरच्या अडत्यानं देल्ला," आणि ताटावर बसले. मी पुढं विचारलं नाही. विचारायचं काही वाटलंच नव्हतं.

त्याच सुमारास लाइन तपासायला मोठा साहेब यायचा होता. तारघरामागे मोरीचा चिखल, त्यात धोपा, धोप्यात बेडूक, असा सगळा थाट. मला त्याची लाज वाटली. साहेब यायच्या दोन आठवडे आधी मी फावडं घेतलं, नवा पाट काढला आणि मोरीचं पाणी पार रस्त्याकडेच्या लिंबाला नेऊन सोडलं. माय कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"म्हादू, पाणी तिकडे कावून वळवून राहिला? धोपा वाळून जाईन ना माहा."

"साहेब येऊन राहिला माय. तारघरामागे चिखल पाह्यला तर काय म्हणन?"

"कावून? त्याच्या मुलखात लोकं आंघोळी नाई करत काय?"

मी हसलो. धोपा वाळला. काळी जमीन उन्हानं भेगाळली. साहेब आला, डाकबंगल्यात उतरला, तारघराला प्रदक्षिणा घालून "बहोत साफ" म्हणाला, आणि माझी छाती फुगली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकोला बोलेना. मी कळ दाबतोय, दाबतोय, पलीकडून उत्तर नाही. काटा मात्र रोजच्यापेक्षा बराच पुढं गेला होता. म्हणजे तार अकोल्याच्या अलीकडेच कुठंतरी जमिनीला लागली होती आणि वीज तिथूनच माघारी येत होती. दारात अडत्यांचा गलका सुरू झाला. साहेब माझ्या मागं येऊन उभा राहिला. मी काटा वाचला: शून्य दशांश सहा. चोवीस भागिले सहा दशांश, चाळीस. वजा सात. तेहतीस.

मी आकडा लिहिला आणि मग तो काय आहे ते मला दिसलं. तेहतिसावा मैल म्हणजे मूर्तिजापूर, बाबांच्या तुकड्याच्या अगदी मधोमध. मला तेव्हा भीती वाटली नाही. वाटलं, बाबा हुशार आहेत, दुपारपर्यंत जोडून टाकतील. साहेबानं माझी पाठ थोपटली, असा हिशोब करणारा माणूस मुंबईला पाहिजे म्हणाला, आणि घोडेस्वार पाठवला.

स्वार दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला. सडकेनं थेट तिसावा मैल गाठला, तिथून छत्तिसाव्यापर्यंत प्रत्येक खांब पाहिला, तार साबूत आहे, रखवालदार गणूजी सोबत होता. आणि लाइन तर अजून मुकीच. साहेबाचा चेहरा बदलला. त्यानं असले प्रकार पाहिले होते. एखादी केसाएवढी बारीक तार खांबावरून उतरवून मुळाशी मातीत गाडली, की खालून पाहणाऱ्याला काही दिसत नाही, लाइन मरते, आणि एखाद्या अडत्याचं उखळ पांढरं होतं. ज्याचा तुकडा त्याच्याशिवाय हे कोण करणार?

"तार पुरी है, मगर हिसाब बोलता है तैंतीस," साहेब म्हणाला. "हिसाब झूठ नहीं बोलता, बाबू. आदमी बोलता है."

मग त्यानं हुकूम सांगितला आणि मी तो मराठीत उतरवला. रखवालदार गणूजी यास, तो तार कुठं बिघडवली ते कबूल करेतो, चौकीत बसवून ठेवावे. गणूजी माझा बाप, हे साहेबाला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. बोरू हातात होता, शाई ओली होती, एक वाक्य बोलायचं होतं, आणि मी पुढची ओळ लिहिली. लोक विचारतील, नोकरीची भीती वाटली काय रे? वाटली. पण खरी गोष्ट त्याहून वाईट आहे. लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं तो गुलाबी फेटा आला. तेहतिसाचा आकडा मी स्वतः काढला होता, आणि माझं गणित चुकत नसे. मला वाटलं, बाबांनी केलं असेल.

तो दिवस कसा गेला ते मी सांगू शकत नाही. मी चार वेळा लाइन मोजली, चारही वेळा तेहतीस. मायनं जेवायला हाक मारली. तिला मी फक्त लाइन बंद आहे एवढंच सांगितलं होतं. ती म्हणाली, "बाबाले निरोप धाड, ते करतीन दुरुस्त." मी ताटावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यंत्रापुढं बसलो होतो, तेवढ्यात मागून मायची ओरड आली. "म्हादू! धाव! उलथनं गेलं माहं भेगीत! तुह्या साहेबाच्या जमिनीनं उलथनंही गियलं!"

चुलीपुढं तिच्या हातातून उलथनं निसटलं होतं आणि धोपा होता तिथल्या भेगीत सरळ उभं खाली गेलं होतं. मी पालथा पडलो आणि हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, खांदा मातीला टेकला. उलथनं लागेना. माती भाकरीच्या वाळक्या तुकड्यांसारखी बोटांत चुरत होती. एवढ्या खोल, आणि ओलीचा स्पर्श नाही. त्याच क्षणी मला कळलं की माझा हात तांब्याच्या पत्र्याकडे जातोय.

जमिनीचा एक. तो एक पावसाळ्यातला होता. उन्हाळ्यात त्याला एक ठेवत होतं ते मायचं मोरीचं पाणी, आणि ते मी तोडलं होतं. पत्र्याला आता माती धड चिकटलेलीच नव्हती. मग तिथला अडथळा एक नसेल, पाच असेल, अकरा असेल, आणि तेवढे मैल मी नसलेल्या तारेचे मोजले होते.

"माय, पाणी आण. जितकं भेटन तितकं. सारं इथं ओत."

"आता धोप्याची आठवण आली काय तुले?"

मी तिला सांगितलं. बाबा कुठं आहेत ते, आणि तिथं कुणाच्या हिशोबानं आहेत तेही. तिनं हाताचं पीठ झटकलं. डोक्यावर घागर घेतली आणि गेली. विहिरी तळाला गेलेल्या, एकेक घागर भरायला घटका लागायची. तरी ती चार शेजारणींना घेऊन आली आणि बाया रांगेनं त्या भेगांत पाणी ओतू लागल्या. भेगा नुसत्या गटगट पीत होत्या. मी पुढच्या खोलीत काट्यापुढं बसलो. त्या बसण्याची भीती मला अजून स्वप्नात येते. काटा हलला तर मी चुकलो होतो आणि बाबा सुटत होते. नाही हलला तर माझं गणित बरोबर होतं. जन्मात पहिल्यांदा मी देवाजवळ माझं गणित चुकू दे म्हणून मागणं मागितलं.

साहेब दारात आला. पाण्याचा आवाज ऐकून म्हणाला, "क्या करता है, बाबू? बाग लगाता है?"

मी उभा राहिलो आणि मला येत होतं तसल्या इंग्रजीत सगळं सांगितलं. मोरी, पाट, पत्रा, पुठ्ठा. मग म्हणालो की चूक माझी आहे, शिक्षा मला द्या, आणि तो रखवालदार माझा बाप आहे. साहेबानं एकदा भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून काट्यापुढं बसला.

पहिल्या दहा घागरींनी काही झालं नाही. काटा सहा दशांशावर ठाम. पंधराव्या-सोळाव्या घागरीला तो थरथरला. मागून मायचा आवाज येत होता, "ओता बाई, ओता." पासष्ट शतांश. सत्तर. तिथं तो थांबला. मग भेगांच्या तळाशी पाणी साठलं असावं, कारण काटा पुन्हा चढू लागला, आणि आठ दशांशावर येऊन स्थिरावला. त्यानंतर पाच घागरी ओतल्या तरी जागचा हलला नाही. जमीन आता पोटभर प्यायली होती. साहेबानं स्वतःच कागदावर मांडलं. चोवीस भागिले आठ दशांश, तीस. वजा सात. तेवीस.

तेहतीस नाही, तेवीस. बाबांच्या तुकड्याच्या सहा मैल अलीकडे. साहेबानं भिंतीवरचा पुठ्ठा उतरवला आणि माझ्या हातात दिला. मुंबईचं नाव मात्र त्यानं पुन्हा काढलं नाही.

तार सापडली ती तेविसाव्या मैलाला, कुरुम गावाच्या पुढं, सडकेपासून आत, एका माळ्याच्या वांग्यांच्या वाफ्यात. वावटळीत बाभळीची फांदी पडून ती तुटली होती आणि एक टोक मोटेच्या पाटात, वाहत्या पाण्यात पडलं होतं. त्या तुकड्याचा रखवालदार तापानं अंथरुणावर होता. सरकारी तारेला हात लावला तर बेडी पडते, या भयानं माळ्यानं ती उचललीही नाही आणि कुणाला कळवलीही नाही. उलट कुणी चोरू नये म्हणून काठी घेऊन तीन दिवस तिच्याशेजारी बसून राहिला. जाणाऱ्यांना म्हणाला म्हणे, "साहेबाची वस्तू हाये, साहेब येऊन घेऊन जाईन." त्याच दिवशी उतरत्या उन्हात अकोला बोलू लागला. अडत्यांनी दारात गर्दी केली. मी भाव लिहून घेतला, कुणाला किती मिळाले नि कुणाचे बुडाले ते मला आठवत नाही.

चौकीतून सुटकेची चिठ्ठीही मीच लिहिली.

बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी कापसाच्या गाडीवर बसून आले. फेटा तोच, धुळीनं मळलेला. त्याआधी सकाळी मी मायला फेट्याचं विचारलं होतं. ती म्हणाली, "अडत्याच्या पोरीचं लगन होतं. अख्ख्या गावाले बांधले त्यानं. तुले नव्हतं ठावं?" मला ठाऊक नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. एका प्रश्नाचं काम होतं.

मी पुढं झालो, पायांवर डोकं ठेवलं. म्हणालो, "बाबा, हिशोब म्या केल्ता."

"मालूम हाये," ते म्हणाले. "चौकीत चिठ्ठी दाखवली ना मले. वाचता येत नाई, पण तुहं अक्षर वयखतो मी."

मी मान वर केली नाही.

"हिशोबाचं जाऊ दे. हिशोब कोणाचाबी चुकते. तुले वाटलं काय रे, म्या केलं म्हून?"

नाही म्हणायला हवं होतं. खोटं का होईना, म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तेवढ्यात मायनं पाय धुवायला तांब्या आणून पायरीवर ठेवला. बाबांनी तो उचलला, पायरीवर पाय धुतले नाहीत, घराला वळसा घालून मागं गेले. मी खिडकीतून पाहिलं. ओल्या भेगांपाशी उभे राहून त्यांनी आधी एक पाय धुतला, मग दुसरा, आणि उरलेलं पाणी वाळक्या धोप्याच्या बुडाशी ओतलं. मायला म्हणाले, "इथं लागते ना पाणी? मंग तिकडे वाया कावून घालवता?"

मोरीचा पाट मी त्याच दिवशी पूर्ववत केला. जमिनीचा अडथळा त्यानंतर मी रोज नव्यानं मोजत असे, पुठ्ठ्यावर विसंबलो नाही. आषाढात धोपा फुटला आणि त्याची भाजीही झाली. बाबा पुढं कितीतरी वर्षं महिन्यातून एकदा घरी येत राहिले, आणि दरवेळी पायरी ओलांडण्याआधी मागं जाऊन पाय तिथंच धूत राहिले. मला त्या गोष्टीवरून ते जन्मात एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.